एकादशीची ताटं

बिराजदार मॅडम मला पहिल्यांदा दिसल्या त्या पालथ्या पडलेल्या.

सोलापूरच्या उत्तरेला डांबरी रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेनं आत गेलं की एक माळ लागतो. आमच्या एमएस्सीचा तो पहिलाच आठवडा. कॉलेजच्या टेंपोतून उतरून बघतो तर गवतात एक बाई. चॉकलेटी सुती साडी, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, तोंड जमिनीला लावून निपचित. मी ओरडलेच, "अगं बाई, चक्कर आली वाटतं ह्यांना! पाणी आणा कुणीतरी!"

गवतातून आवाज आला, "चक्कर नाही आली. आवाज बारीक करा, आणि सगळे आडवे व्हा."

मी कॉलेजसाठी म्हणून शिवलेला नवा ड्रेस घातला होता. आईनं खुरपायला जाऊन साठवलेल्या पैशाचा. तो घालून मी मातीत आडवी झाले. मनात म्हटलं, एवढं शिकून शेवटी मातीतच लोळायचं होतं तर घरी काय वाईट होतं?

"उभ्यानं बघितलं की गवत म्हणजे नुसता रंग," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या उंचीवर उतरा. मग त्यातली माणसं दिसतील."

आणि दिसली की! उभ्यानं जो सगळा एकसारखा पिवळट-हिरवा माळ होता, त्यात पवन्याचे ठोंब वेगळे, मारवेल वेगळं, कुसळी वेगळी. ठोंबांच्या मधल्या बोळांतून शेवऱ्याची बारीक गुलाबी फुलं. गोधडी नावाचं एक रोपटं, नावासारखंच जमिनीवर अंथरलेलं. मुंग्यांची ये-जा चाललेली. मी मोहोळ तालुक्यातल्या खेड्यात वाढले, जन्मभर गवत कापलं, भारे वाहिले. पण गवत तोवर मी बघितलंच नव्हतं.

त्याच दिवशी मी त्यांना माझी ओळख सांगितली. आमच्या भावकीत कॉलेजात गेलेली पहिली मीच, हे मी पहिल्या वाक्यातच सांगून टाकते. तेव्हाही सांगायची, आजही सांगते. लाजायचं काय त्यात? लोक ऐकून "वा वा" करतात. मॅडमनी वा वा केलं नाही. म्हणाल्या, "घरात पहिली? म्हणजे तुझ्या चुका दाखवणारं घरी कुणी नाही. बरं. मी दाखवीन."

आणि दोन वर्षं त्यांनी तेवढंच केलं.

नावानं त्या कुणालाच हाक मारत नसत. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. "ए नातेपुते, रिंग टाक." "ए मोहोळ, माती सांडू नको." त्या स्वतः मैंदर्गीच्या. घरची भाषा कानडी, शाळा मराठी. शिकवताना मराठी अशी स्वच्छ, की पुण्याच्या माणसानं मान हलवावी. पण मोजायला बसल्या की कानडीत. सायकलची जुनी रिंग गवतात फेकायची आणि तिच्या आत कोणती झाडं किती, ते मोजायचं, हे आमचं रोजचं काम. मॅडम पुटपुटायच्या, "ओंदु, एरडु, मूरु..." मधे कुणी बोललं की "अय्यो!" आणि पुन्हा ओंदुपासून. वर्ष संपेपर्यंत आमचा अख्खा वर्ग कानडीत मोजायला लागला होता. मी अजूनही बाजारात लिंबं कानडीत मोजून घेते. बाजारवाली मला अक्कलकोटकडची समजते.

आता माळावरचं काम काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मॅडमनी माळाचे चौकोन आखले होते. चार कोपऱ्यांना चार चुना लावलेले दगड, झाला एक चौकोन. त्याला त्या 'ताट' म्हणायच्या. निम्म्या ताटांना दर पावसाळ्यात मोजून युरिया, म्हणजे नत्र. निम्म्यांना काहीच नाही. कधीच नाही. या दुसऱ्या ताटांना आम्ही पोरं एकादशीची ताटं म्हणायचो. मॅडमना ते नाव आवडलं आणि त्याही म्हणायला लागल्या.

शेतकऱ्याच्या पोरीला वाटणार तेच मला वाटलं. मी विचारलं, "मॅडम, खत घातलं की वाढतं, हे आमच्या आजोबांनाही माहीत होतं. त्यात बघायचं काय?"

"वाढतं की. पण कोण वाढतं?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी पंगतीची गोष्ट सांगितली. ती दर वर्षी दर वर्गाला सांगायच्या, पण दर वेळी नव्यानं सुचल्यासारखी.

"माळाची जमीन गरीब. भाकरी थोडी. म्हणून पंगतीत सगळे थोडं थोडं खाऊन बसलेले असतात. दांडगा आहे, बारका आहे, म्हातारी आहे. शेवरा, गोधडी तर स्वतःचा डबा घेऊन आलेत. मुळांना गाठी असतात बघ त्यांच्या, तुरीला असतात तशा. हवेतला नत्र धरून स्वतःपुरता शिजवतात, उरलं तर शेजाऱ्यालाही मिळतं. आता वाढपी आला आणि दणकून वाढायला लागला. काय होईल? दांडगा खाईल, उंच होईल, पसरेल. भाकरीचं भांडण मिटलं. मग भांडण कशाचं? उजेडाचं. भाकरी वाटून खाता येते, मोहोळ. ऊन वाटून घेता येत नाही. जो उंच त्याचं. बारके सावलीत गेले, संपले. डबा आणणाऱ्याला आता विचारतो कोण? चार वर्षांत पंगतीत दांडगा एकटा जेवत असतो. आणि लांबून बघणारा म्हणतो, काय हिरवागार माळ!"

हे आम्ही डोळ्यांनी बघत होतो. खताच्या ताटांत कमरेइतकं गवत, पण रिंग टाकली की मोजायला फार काही नसायचं. एकादशीच्या ताटात गवत पोटरीला लागेल एवढंच, पण मोजता मोजता दुपार व्हायची. मॅडमचं सगळं आयुष्य त्या उपाशी ताटांवर उभं होतं. ती होती म्हणून खताच्या ताटांना अर्थ. आम्हाला एकच ताकीद होती. युरियाचे हात धुतल्याशिवाय एकादशीच्या ताटात पाय ठेवायचा नाही. चुकून एखादी मूठ पडली तरी एवढ्या वर्षांचा उपास मोडला.

माती शहरात नेऊन तपासायची असे, आणि ती बर्फातून न्यावी लागे. मॅडमचं म्हणणं, माती जिवंत असते. गरम पिशवीत ठेवली तर वाटेत तिच्यातले जीव आपलं शिजवत बसतात आणि आपण भलताच स्वयंपाक मोजतो. म्हणून थर्माकोलचा डबा, आत बर्फ, बर्फात मातीच्या पिशव्या. तो डबा मांडीवर घेऊन मॅडम एसटीत बसायच्या. एकदा उन्हाळ्यात शेजारच्या बाईनं विचारलं, "कुल्फी केवढ्याला वो बाई? पोरगं लई रडतंय."

"कुल्फी नाही हो. माती आहे."

बाईनं डब्याकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. "मातीला बरफ? आन् आमी हितं ऊन पानी पितोय!"

अख्खी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, माती शिकलेली हाय, तिला गार लागतं." मॅडमही हसल्या. पण त्यानंतर त्या डब्यात मातीच्या पिशव्यांशेजारी पाण्याच्या दोन बाटल्या कायम असायच्या. गाडीत पोर दिसलं की डबा उघडायच्या.

ह्यावरून त्या मऊ होत्या असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. एका वर्षी कॉलेजनं ठरवलं, झाडं लावायची. कुठं? माळावर. मोकळाच पडलाय. सकाळी खड्डे तयार, रोपं तयार, बॅनर, पाहुणे, फोटोवाला. प्राचार्य पहिलं रोप हातात घेऊन पहिल्या खड्ड्याकडं गेले, तर खड्ड्यात बिराजदार मॅडम उभ्या. खांद्याला पर्स.

"मॅडम, बाहेर या. फोटो काढायचाय."

"काढा की. मलाच लावा. माती लोटा, पाणी घाला, बघू फुटते का."

"असं काय करताय? सगळी जागा मोकळी पडलीय, तिचं काही चांगलं करू म्हटलं..."

"सर," मॅडम म्हणाल्या, "तुमचं डोकंही मोकळंच दिसतं. पण त्यावर अजून कुणी वांगी लावलेली नाहीत. आत काहीतरी चालू असेल, असं आम्ही धरून चालतो ना?"

प्राचार्यांना टक्कल होतं. कुणी हसायचं धाडस करेना. शेवटी प्राचार्यच हसले, भला माणूस. मॅडमनी खड्ड्यातूनच पाहुण्यांना माळ समजावून सांगितला. इथं काय काय आहे, त्याची मुळं किती खोल जातात, कुणाची घरटी गवताच्या बुडाशी असतात. ऊन चढलं, पाहुणे घामेजले, मॅडम थांबल्या नाहीत. ती रोपं मग कॉलेजच्या भिंतीकडेला लागली. त्यांना पाणी मॅडमच घालायच्या. म्हणायच्या, "झाडाशी माझं भांडण नाही. दुसऱ्याच्या पंगतीत घुसवण्याशी आहे."

माळाच्या कडेला नामदेव तात्यांचं रान. तात्या म्हणजे वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, डोक्याला टोपी, तोंडात सुपारी. घरी बायको पारूकाकू आणि मुलगी सविता. सविता बारावी झाली तेव्हा तिला उजवायचं चाललं होतं. मॅडम तात्यांच्या ओसरीत जाऊन बसल्या आणि कॉलेजात नाव घालायचा शब्द घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. सविता पुढं शिकली, नर्स झाली. तेव्हापासून तात्या माळावर मॅडमच्या आधी हजर. शेळ्या आल्या की हाकलायच्या, दगडांना चुना लावायचा, आणि दुपारी पारूकाकूंच्या हातची भाकरी, शेंगाचटणी, कांदा बांधावर आणून ठेवायचा. मॅडमनी किती वर्षं त्या बांधावर जेवण केलं, त्याला गणती नाही.

मी एमएस्सी झाले, मोहोळला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. तरी रविवारी माळावर जायची. मॅडमच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती, आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्या घरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. खताच्या ताटांचं त्या वर्षीचं काम मी आणि दोन पोरांनी कसंबसं उरकलं, मग पोरांच्या परीक्षा आल्या, माझ्यामागं पेपर तपासणी लागली, आणि माळावर जायचं काही आठवडे राहून गेलं.

श्रावण संपता संपता मॅडम म्हणाल्या, "मला माळ दाखव."

डॉक्टर नको म्हणत होते. मॅडम वॉकर घेऊन रिक्षात बसल्या. बैलगाडीच्या वाटेवर रिक्षा थांबली, तर तात्या समोर उभे, धुतलेली टोपी घालून.

"या मॅडम, या. हळू. हितं दगड हाय. डोळं मिटून या म्हननार हुतो, पर तुमी पडाल."

"का हो तात्या? काय दाखवताय?"

"बगा की!"

सगळी ताटं काळीभोर हिरवी होती. सगळी. खताचं कोणतं आणि एकादशीचं कोणतं, ते फक्त दगडांवरच्या खुणांवरून कळत होतं.

तात्यांचा चेहरा लग्नघरच्या यजमानासारखा फुलला होता. "दर साली बगत हुतो. निम्म्या ताटांस्नी खत पडतंय, निम्मी तशीच ऱ्हात्यात, पिवळी. म्या म्हनलं, बाईला खत पुरत न्हाय. कालिजवाले देत नसतील, आन् बाई मागत नसतील. इचारलं तर लाजतील, म्हनून इचारलं न्हाय. औंदा तुमी दवाखान्यात. म्हनलं, आता तरी आपुन करावं. सकाळच्या पारी पाऊस बगून फेकलं. एक बी ताट उपाशी ठेवलं न्हाय!"

"तात्या, तुम्ही हे..." मी तोंड उघडलं, तशी मॅडमनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

त्या ताटांकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर माळाच्या पलीकडं गेली होती, तात्यांच्या रानात. तिथं मका होता. गुडघ्याएवढा, फिक्का पिवळा, खालची पानं टोकांपासून करपत आलेली. नत्राची भूक. त्या बाईनं ती हजारदा शिकवली होती.

"तात्या," मॅडम हळू म्हणाल्या, "मक्याला युरिया नाही घातला?"

तात्यांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. "त्याला काय हुतंय. येतंय की."

मागून पारूकाकू चहाची किटली घेऊन येत होत्या. त्यांनी सांगून टाकलं. "युरिया घावतोय कुटं औंदा? रांगंत हुबं ऱ्हाऊन जेवडा मिळाला तेवडा समदा तुमच्या ताटांस्नी. म्या म्हनलं, निम्मा तरी मक्याला ठेवा. ऐकतील तर शपत!"

"तू गप गं," तात्या म्हणाले.

मॅडम दगडावर बसल्या. चहा घेतला. काकूंच्या गुडघ्याचं विचारलं, सविताचं विचारलं. तात्यांना म्हणाल्या, "मक्याला आता उरलेल्या दिवसांत काहीतरी बघू." ताटांबद्दल चकार शब्द नाही. मी त्यांच्याकडं बघत होते. रडतील, असं वाटत होतं. त्या साडीच्या काठात अडकलेली कुसळं एकेक करून काढत होत्या.

परत येताना रिक्षात मी म्हणाले, "मॅडम, सगळं गेलं."

"हौदु," त्या कानडीत हो म्हणाल्या. "गेलं."

मग म्हणाल्या, "त्यांच्या बांधावर बसून इतकी वर्षं भाकरी खाल्ली. पंगतीची गोष्ट दर वर्गाला सांगितली. परगावच्या पाहुण्यांना सांगितली. खड्ड्यात उभं राहून सांगितली. तात्यांना नाही सांगितली. मला वाटलं, त्यांना काय करायचंय. शिक्षिका म्हणे मी!"

मी म्हटलं, "त्यांना कळू देऊ नका. म्हातारा मोडेल."

मॅडमनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी मोहोळला परत जावं आणि पहिलीपासून शिकावं. "स्वतःचा मका पिवळा ठेवून ज्यानं मला वाढलं, त्याला मी खोटं कौतुक वाढू? एवढीच त्याची किंमत?"

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. खुब्याच्या दुखण्यानं मॅडमना धड उभं राहवत नव्हतं. त्यांनी तात्यांना खताच्या जुन्या ताटाशी नेलं, मग माळाच्या न आखलेल्या तुकड्यात नेलं, आणि पंगतीची गोष्ट सांगितली. सगळी, पहिल्यापासून, वर्गात सांगायच्या तशी. काही गाळलं नाही, सोपं केलं नाही. मी लांब उभी होते. तात्या आधी हसत ऐकत होते. मग हसू गेलं. मग त्यांनी टोपी काढली.

"म्हंजी ती मुद्दाम उपाशी हुती."

"होय."

"मग म्या वाटुळं केलं म्हना की."

मला वाटलं, आता मॅडम नाही म्हणतील. कुणीही म्हटलं असतं.

"केलंत," मॅडम म्हणाल्या. "माझं काम त्या ताटांवर होतं, ते मोडलं. खोटं नाही सांगणार. पण चूक तुमची नाही. तुम्ही शेतकऱ्यानं करावं तेच केलंत. तुम्हाला सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. त्याची मी माफी मागते."

आणि त्यांनी हात जोडले. वॉकर सोडून. तात्या एकदम पुढं झाले, त्यांना धरलं, "आवं आवं, पडाल की!" आणि दोघंही तसेच एकमेकांना धरून उभे. पारूकाकूंनी पदर तोंडाला लावला होता. मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं बघितली. शेतकऱ्याचा जयजयकार करणारी बघितली, त्याला अडाणी म्हणणारी बघितली. त्याला पुरतं खरं सांगून मग त्याची माफी मागणारी एवढी एकच.

"आता ऐका," मॅडम बसून घेत म्हणाल्या. आवाज पुन्हा वर्गातला. "जुना प्रश्न संपला. पण तुम्ही एक नवा करून ठेवलाय. एकदा पोटभर जेवलेला माळ पुन्हा थोड्यात भागवायला कधी शिकतो? गेलेले बारके परत येतात का? कोण आधी येतं? ह्या माळावर हे कुणी बघितलेलं नाही. मीही नाही. आता ह्या ताटांना पुन्हा एक दाणाही नाही, आणि दर वर्षी बघायचं. ह्याला किती वर्षं लागतील माहीत नाही. माझ्या नोकरीची दोन उरलीत. तुमची किती?"

तात्यांनी डोळे पुसले. "मला कुटं रिटायर व्हायचंय!"

त्या वर्षीपासून तात्या मॅडमचे विद्यार्थी. शेवरा, गोधडी, बारीक सारीक सगळं त्यांनी नावानिशी ओळखून घेतलं. मॅडम निवृत्त झाल्यावरही काठी टेकत यायच्या, आणि दोघं म्हातारी माणसं रिंग टाकून बसायची. एक मोजणार कानडीत, एक मराठीत, आणि आकडा जुळला नाही की भांडण. "तुमचं कानडी चुकतंय," असं तात्या ठणकावून सांगायचे, कानडीतलं एक अक्षर येत नसताना.

दोन-तीन पावसाळ्यांत गवताची उंची उतरली. रंग पहिल्यावर आला. मला वाटलं, झालं. पण रिंगच्या आत बारके नव्हते. पुढच्या वर्षी नव्हते. त्याच्या पुढच्याही वर्षी नव्हते. अंगावरची सूज उतरली, पण आतलं दुखणं तसंच. माझा धीर सुटायचा. मॅडमचा चेहरा मात्र दर वर्षी उजळलेला. "अजून नाही!" असं त्या म्हणायच्या, ते कुणाला मुलगा झाल्याचं सांगावं तशा आवाजात.

मॅडम आता नाहीत. तब्येत उतरली तेव्हा मुलगी त्यांना धारवाडला घेऊन गेली, आणि त्या तिथंच गेल्या. जायच्या आधी शेवटचा माळ त्यांनी माझ्याबरोबर बघितला. ते चित्र माझ्याकडं आहे.

भाद्रपदातली सकाळ होती. कॉलेजचा नवा वर्ग आलेला, त्यांचे सर नवे. मॅडमना त्यातलं कुणी ओळखत नव्हतं. मी ओळख करून द्यायला पुढं होणार, तर मॅडमनी मान हलवली, नको. ताटांच्या मधोमध तात्या उभे होते आणि त्यांचं शिकवणं चाललं होतं. आम्ही पोरांच्या मागं जाऊन थांबलो.

"ही ताटं म्या बिगडवली," तात्या सांगत होते. "हसू नगा, लिवा. मायेनं बिगडवली, पर बिगडवली. आता त्यास्नी कायबी घालत न्हाय. गवात पयल्यासारखं झालंय, ह्ये खरं. पर त्यो शेवरा न्हाय, गोधडी न्हाय. ती गेली ती अजून आली न्हाईत. वाट बगायची. येनार ती."

पोरांच्या मागून एक हात वर झाला. सुरकुतलेला, काचेची हिरवी बांगडी घातलेला. तात्यांनी डोळे बारीक केले. ओळखलं. पण नाव घेतलं नाही, पुढं आले नाहीत. वर्ग चालू होता.

"हां, मागल्या बाई. इचारा."

"शंका आहे," मॅडम म्हणाल्या. विद्यार्थ्याच्या आवाजात, जरा बिचकल्यासारख्या. "ती परत येणार, हे तुम्हाला कशावरनं माहीत?"

पोरं वळून बघायला लागली. तात्या त्या ताटाकडं बघत राहिले. वाऱ्यानं गवत एका बाजूला झुकलं, परत उभं राहिलं.

"न्हाय म्हाईत," तात्या म्हणाले. "म्या उगं म्हनलं तसं, बरं वाटावं म्हनून. खोडा त्ये. लिवा, म्हाईत न्हाय. बगाय लागंल."

मॅडमनी हात खाली घेतला.